दोन खोल्यांचे नरसिंगराव

नरसिंगराव मला पहिल्यांदा भेटले ते माझ्याच खोलीत, हातात सुतळी घेऊन उभे असलेले.

पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी धाराशिवला रुजू झाले. कागदोपत्री गावाचं नाव उस्मानाबाद, पण गावातली जुनी माणसं बोलताना धाराशिवच म्हणायची. बाजाराच्या मागच्या गल्लीत दगडी भिंतींची आणि वर मातीचं सपाट माळवद असलेली एक लाईन होती. सात खोल्या, पाच बिऱ्हाडं. त्यातली एक खोली मला मिळाली. मी एकटी का राहत होते, हा या लेखाचा विषय नाही. एक ट्रंक, एक वळकटी, स्टो आणि पुस्तकांची पेटी एवढं सामान होतं. ते मी खोलीच्या मधोमध ठेवलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तर एक उंच, हडकुळे गृहस्थ सुतळीनं माझी भिंत मोजत होते. डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट, पायांत काही नाही. चपला त्यांनी उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या होत्या.

"शेजारी राहतो मी. कलेक्टर कचेरीत असतो," ते म्हणाले. "बाई, राग मानू नका, पण ह्या चारी भिंती फुकट उभ्या आहेत. त्यांना कामाला लावा."

दिवस मावळायच्या आत एक फळी, चार खुंट्या आणि एक हातोडी घेऊन ते परत आले. पुस्तकं फळीवर गेली, पिशव्या खुंट्यांवर गेल्या, ट्रंक दाराच्या मागं अशी बसली की दार उघडताना तिला घासतही नव्हतं आणि तिच्यामागं बोटभर जागाही वाया जात नव्हती. हे सगळं झाल्यावर त्यांनी मला माझं नाव विचारलं.

कचेरीत ते मुहाफिजखान्यात होते. मुहाफिजखाना म्हणजे जुने कागद जपून ठेवण्याचं दालन. निजामाच्या राज्यात हे नाव पडलं आणि राज्य गेल्यावरही बरीच वर्षं तेच चाललं. जिल्ह्यातल्या गावोगावचे जमिनीचे, वारसांचे, भांडणांचे कागद तिथं कापडी गाठोड्यांत बांधून मांडलेले असायचे. त्या गाठोड्याला बस्ता म्हणायचं. नरसिंगराव मिसरूड फुटायच्या वयात तिथं चिकटले होते आणि कुठल्या गावचा बस्ता कुठल्या फळीवर कितवा, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. "अख्खा जिल्हा मी तीन खोल्यांत ठेवलाय, बाई," ते म्हणायचे. "घरात तर पाचच माणसं आहेत."

ही पाच माणसं म्हणजे ते स्वतः, त्यांची बायको अंबूवहिनी, थोरली विमल आणि तिच्या पाठचे दत्तू आणि बबन. जागा दोन खोल्यांची. पुढची खोली आणि मागची खोली, आणि पुढं दोन-तीन हात रुंदीचा ओटा. मागच्या खोलीत चूल आणि कोपऱ्यात मोरी. पण त्या घरात कधी पसारा दिसला नाही. बाज दिवसा भिंतीला उभी करून ठेवलेली असायची आणि तिच्या दोऱ्यांवर ओले टॉवेल वाळायचे. दारावर फळी, फळीवर डबे. तुळयांना दोन आडवे बांबू टांगलेले, त्यांच्यावर घोंगड्या, गोधड्या. चुलीच्या बाजूच्या भिंतीवर मांडणी, आणि त्या मांडणीवर, कचेरीत असावेत तसे ओळीनं बस्ते. माणशी एक. विमलचे कपडे विमलच्या बस्त्यात, बबनचे बबनच्या. शिवाय एक दिवाळीचा, एक पाहुण्यांच्या अंथरुणाचा, एक औषधांचा. प्रत्येकावर कापडाची चिठ्ठी शिवलेली, आणि चिठ्ठीवर सुबक उर्दू अक्षरांत नाव.

अडचण एवढीच होती की ती अक्षरं घरात त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. अंबूवहिनींना कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्यांनी प्रत्येक चिठ्ठीखाली दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या होत्या. एक गाठ विमल, दोन गाठी दत्तू, तीन बबन. नवऱ्याला त्या गाठींचा पत्ता नव्हता. आपली पद्धत घरात कशी छान चालते, हे ते लोकांना कौतुकानं सांगायचे.

त्या वर्षांत कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत येत होता. घरात जन्मापासून मराठी बोलणाऱ्या नरसिंगरावांनी मराठीत एक कागद लिहिला नव्हता. त्यांची सगळी शाळा उर्दू, नोकरी उर्दू. ते संध्याकाळी माझ्या उंबऱ्याबाहेर बसायचे आणि चिठ्ठी काढायचे.

"बाई, मिसलला आता काय म्हणायचं?"

"फाईल म्हणतात."

"ते तर इंग्रजी झालं. बरं, दरखास्त?"

"अर्ज."

ते माझ्याकडं बघत राहिले. "अर्ज? अहो, तो तर आमच्याच जुन्या कचेरीतला शब्द आहे!" आणि खो खो हसले. "म्हणजे दरखास्त गेली आणि अर्ज राहिला. असू द्या. कुणी तरी ओळखीचं राहिलं."

एवढं मोकळं हसताना मी त्यांना पुढंही फारसं पाहिलं नाही. सहा-सात महिन्यांत ते मराठीत मजकूर लिहायला शिकले. त्यांचं देवनागरी अक्षर उजवीकडून चालत आल्यासारखं मागं झुकलेलं असायचं. मग एका रविवारी त्यांनी घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या उसवल्या आणि नव्या मराठी चिठ्ठ्या शिवल्या. जुन्या चिठ्ठ्यांबरोबर अंबूवहिनींच्या गाठीही गेल्या. सोमवारी दत्तू विमलचं पोलकं घालून शाळेला निघाला, तेव्हा कुठं त्यांना बायकोची पद्धत कळली. संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसले आणि प्रत्येक चिठ्ठीखाली स्वतः गाठी मारल्या.

पुढच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ वारला. तो ईट या त्यांच्या गावी थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या सांभाळून होता. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेला. नरसिंगराव गेले, तेराव्यापर्यंत राहिले आणि परत आले ते मोटारीतून भावजय, तिची दोन मुलं आणि टपावरून एक शेळी उतरवून घेऊन. भावजयीचं नाव सखूबाई. मुलगा म्हादू आणि मुलगी रखमा. शेळी का आणली, तर रखमा तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती आणि सोडायला तयार नव्हती.

अंबूवहिनींना तेव्हा सहावा महिना होता. त्या दारात उभ्या राहून आत आलेल्या माणसांकडं बघत होत्या. मी ओट्याशी होते.

"ह्यांना ठेवायचं कुठं?" त्या हळूच म्हणाल्या.

"बघू," नरसिंगराव म्हणाले आणि त्यांनी सुतळी काढली.

दोन दिवस त्यांनी मोजमाप केलं. मांडणीला वर आणखी दोन फळ्या लागल्या. माणसांचे बस्ते आठ झाले, आणि दिवाळीच्या सुमाराला नवव्याचं कापड शिवून तयार होतं. मागची खोली बायका आणि लहानांची, पुढची थोरल्या मुलांची ठरली. जेवणाच्या दोन पंगती. आंघोळीची पाळी वयाच्या उलट्या क्रमानं, कारण लहान मुलं पाणी कमी सांडतात असं त्यांचं म्हणणं होतं. शेळी माळवदावर गेली. लाईनीच्या टोकाला दगडी जिना होता, त्यावरून ती सकाळी माणसासारखी उतरायची आणि संध्याकाळी माणसासारखी चढायची.

लाईनीचे मालक आठवड्याभरात आले. ते पेठेत राहायचे. "नरसिंगराव, माळवदावर जनावर? खुरांनी माती उकरली तर पावसाळ्यात सातही खोल्या गळतील."

"दर उन्हाळ्यात मी सबंध माळवदावर पांढरी माती टाकून देतो. सातही खोल्यांवर. गळलं तर शेळी विकतो," नरसिंगराव म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. दर वैशाखात हा कचेरीतला माणूस धोतर खोचून माळवदावर माती पसरताना, चोपताना दिसायचा. मी होते तोवर आमची लाईन गळली नाही.

खरी अडचण शेळीची नव्हती आणि फळ्यांचीही नव्हती. नरसिंगराव सखूबाईंचे थोरले दीर. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, ते बसले असतील तिथून जायचं नाही. ईटच्या घरात ते जमलं असतं. दोन खोल्यांत कसं जमणार? तर नरसिंगरावांनी त्यावरही तोड काढली. ते घरातून बाहेर पडले.

म्हणजे राहायला ओट्यावर आले. ओट्याच्या एका बाजूला बांबूचा तट्ट्या उभा केला, वर गोणपाट बांधलं. दाढी तिथं, जेवण तिथं, कचेरीचे कागद तिथं. आत काही हवं असलं की दाराची साखळी तीनदा वाजवायची, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मग आत पाऊल टाकायचं. तेवढ्यात सखूबाई मागच्या खोलीत जायच्या. मागच्या खोलीत काम असलं तर त्या मोरीच्या आडोशाला भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. पावसाळ्यात वारा उलटा फिरला की ओट्यावर नरसिंगराव पायांवर पोतं घेऊन बसलेले दिसायचे. मी एकदा म्हटलं, "आत बसा की."

"आत गर्दी आहे," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. कचेरीत एखाद्याला बस्ता कुठं आहे ते सांगावं तसं सांगितलं.

असं अडीच वर्षं चाललं. मधल्या काळात घरात नववं माणूस आलं, चौथं अपत्य, मुलगी. सखूबाईंनीच तिला न्हाऊ-माखू घातलं. दोघी जावांचं बरं चाललं होतं असं म्हणवत नाही, पण एका चुलीवर दोघी करत होत्या. माझ्याशी मात्र अंबूवहिनी तुटक बोलायला लागल्या होत्या. पूर्वी भाजीची वाटी यायची, ती बंद झाली. मी म्हटलं, बाळंतपण, कामाचा रगाडा, चालायचंच.

अडीच वर्षांनी एका रविवारी अंबूवहिनी मुलांना घेऊन तुळजापूरला नवस फेडायला गेल्या होत्या. घरात सखूबाई एकट्या, मागच्या खोलीत. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होते. साखळी तीनदा वाजली. थोड्या वेळानं भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्यावर सखूबाईंचा आवाज, खणखणीत, शेतात बांधावरून हाक मारावी तसा:

"भावजी, हलू नगा! हात खाली धरा, खाली!"

मी धावले. नरसिंगराव मांडणीजवळ बसले होते. औषधांचा बस्ता काढताना विंचवानं बोटाला डंख मारला होता. विंचू बत्त्याखाली चेचलेला पडला होता, आणि सखूबाई लुगड्याची फाडलेली चिंधी त्यांच्या मनगटावर आवळत होत्या. पदर डोक्यावरून कधीच खाली गेला होता. नरसिंगरावांच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, पण ते बोटाकडं बघत नव्हते. ते भावजयीकडं बघत होते.

"बाई," ते मला म्हणाले, "ही बोलते."

लाईनीतला कंपाउंडर घरी होता, त्यानं सुई दिली. कळ उतरायला संध्याकाळ झाली. तोवर सखूबाई समोर बसून होत्या, आणि एकदा समोर बसल्यावर पुन्हा भिंतीकडं तोंड करणं त्यांना बहुधा हास्यास्पद वाटलं असावं. नरसिंगराव जरा सावरल्यावर म्हणाले, "सखूबाई, मग आता मी आत जेवायला बसलो तर चालेल का?"

"बसा की. म्या कवा न्हाय म्हनलं? तुमीच आपली साखळी वाजवत बसला. मला वाटलं, तुमच्याकडं शहरात असंच करत्यात."

अडीच वर्षांचे तीन पावसाळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील. मग म्हणाले, "व्हय का?" एरवी ते कचेरीच्या भाषेत बोलायचे. तेवढा एक शब्द ईटचा आला.

त्यानंतर ते आत जेवू लागले. ओटा मात्र त्यांनी सोडला नाही. त्यांची ओट्यावरची जागा आता मुलांना मिळाली होती, आणि ते तिच्या कडेला बसायचे.

विमल तेव्हा माझ्याच शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती. वर्गात मुली अकरा. विमल हुशार होती, पण त्या वर्षी तिचे गुण उतरत चालले. एकदा तिनं भूमितीची वही दिली, तर पानांचे कोपरे गायब. मी सगळ्या वर्गादेखत तिला बोलले. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "बाई, शेळीनं खाल्ली."

वर्ग हसला. मीही हसले असेन. शाळा सुटल्यावर मी माळवदावर गेले. विमल एका कडेला पोत्यावर बसून वही गुडघ्यावर धरून गणित करत होती, आणि शेजारी शेळी खुंट्याला बांधलेली. उन्हाची तिरीप तोंडावर येत होती. म्हादू आणि बबन विटीदांडू खेळत होते, आणि धाकटी विमलच्याच पाठीला टेकून उभी होती.

मी तशीच खाली उतरले आणि अंबूवहिनींना म्हणाले, "वहिनी, मुलगी परीक्षेला बसणार आहे. तिला बसायला एक कोपरा तरी मोकळा करून द्या. एवढी जागा तर द्याल?"

त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या.

"जागा? बाई, जागा तुम्ही मागताय?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सखू आली त्या महिन्यात मालक आले होते. शेळीचं बोलायला आले, ते जाताना म्हणाले, बाईंची खोली मोकळी करून देतो, मास्तरणीची दुसरीकडं सोय करतील, तुम्ही घ्या. मधलं दार आहेच, फक्त बुजवलंय. तीन खोल्या झाल्या असत्या. मी पोटुशी. घरात आठ माणसं. हे म्हणाले, नको. का नको? तर बाईंची जागा आहे. मी तीन दिवस जेवले नाही. तरी नको. आणि तुम्ही मला म्हणता, एवढी जागा द्या."

तव्यावरची भाकरी जळाली. सखूबाईंनी ती काढली. मी माझ्या खोलीत परत आले.

ह्या अडीच-तीन वर्षांत मी त्या खोलीत काय केलं होतं? एक खाट टाकली होती, एक टेबल, एक आरामखुर्ची. खिडकीशी जास्वंदीची कुंडी. रविवारी दुपारी खुर्चीत पाय पसरून वाचत बसायचे आणि भिंतीपलीकडचा गलका जास्त झाला की कपाळाला आठी घालायचे. भिंतीपलीकडं नऊ माणसं होती हे मला माहीत होतं. पण ती तशी असतात आणि मी अशी, ह्यापलीकडं माझा विचार गेला नव्हता.

नरसिंगराव कचेरीतून आल्यावर मी त्यांना गाठलं. "मालकांनी खोली देऊ केली होती हे मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी आधी चपला काढून जागेवर ठेवल्या. "सांगून काय झालं असतं? तुम्ही सोडून गेला असतात."

"गेले असते. तुमची नड मोठी होती. मी एकटी."

"तेच," ते म्हणाले. "एकट्या माणसाला जागा कमी लागते, असं लोक समजतात. आम्ही नऊ जण आहोत. आम्हाला जागा कमी पडली तर एकमेकांच्या अंगावर बसू. तुम्ही कुणाच्या अंगावर बसणार? ह्या गावात दुसरी खोली कोण देणार होतं तुम्हाला? मालक म्हणाले सोय करतील. कोण करणार होतं? मुहाफिजखान्यात बसतो मी, बाई. कुणाकुणाला कसं कसं जागेवरून उठवलं, त्याचे कागद रोज हातातून जातात. माझ्या घरासाठी तसा एक कागद वाढवायचा नव्हता."

एवढं लांब ते एरवी बोलत नसत. बोलून झाल्यावर त्यांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. मी म्हणाले, विमलला माझ्या खोलीत बसू द्या, रोज शाळा सुटल्यापासून दिवेलागणीच्या पुढंपर्यंत, परीक्षा होईस्तोवर. ते विचार करून म्हणाले, "एका अटीवर. तिनं तिथं काही ठेवायचं नाही. वही नाही, पेन्सिल नाही. येताना बस्ता घेऊन यायचं, जाताना बस्ता घेऊन जायचं. ताबा तुमचाच राहिला पाहिजे."

विमल रोज यायची. कडेला बस्ता सोडायची, टेबलाशी बसायची आणि वेळ झाली की सगळं बांधून घेऊन जायची. टेबलावर खोडरबराचा चुरासुद्धा पुसून घ्यायची. वडिलांची अट तिनं अक्षरशः पाळली, मला वाईट वाटेपर्यंत पाळली. महिन्याभरानं तिच्याबरोबर रखमाही येऊ लागली, मुळाक्षरं गिरवायला. आणि एक दिवस सखूबाई दारात आल्या.

"बाई, माजं बी नाव मला लिवता येईल का?"

त्यांना आठ दिवस लागले. सखूबाईंचा 'ख' शेवटपर्यंत मोडका राहिला. पण त्या जोरावर आणि माझ्या थोड्या खटपटीवर त्या आमच्याच शाळेत शिपाईबाई म्हणून लागल्या. पगाराच्या पत्रकावर अंगठ्याऐवजी सही करायच्या. सही करताना आजूबाजूला कुणी बघतंय का, हे बघून घ्यायच्या. बघत असलं तर जास्त सावकाश करायच्या.

विमल पास झाली. पहिल्या दुसऱ्यांत नाही, पण पास झाली. लाईनीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. त्या संध्याकाळी अंबूवहिनी तीन वर्षांनी माझ्या खोलीत आल्या. खुर्ची पुढं केली तर बसल्या नाहीत, खालीच बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. निघताना खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "हवा चांगली खेळते इथं." त्यात टोमणा नव्हता. दुसऱ्या दिवशी भाजीची वाटी आली.

पुढं कंपाउंडर बदलून गेला आणि लाईनीतल्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मालकांनी आधी नरसिंगरावांना विचारलं. त्यांनी त्यातली एक घेतली ती सखूबाईंच्या नावावर. सगळे म्हणाले, आता सगळ्यांनी मिळून तीन खोल्या वापरा, सोयीचं पडेल. ते म्हणाले, "नाही. तिचा पगार, तिची मुलं, तिचं दार." सखूबाई आपले तीन बस्ते आणि शेळी घेऊन चार पावलांवर राहायला गेल्या. पहिले काही दिवस अंबूवहिनी कालवण ढवळताढवळता हाक मारायच्या, "सखू, मीठ घातलं का गं मी?" आणि चार पावलांपलीकडून उत्तर यायचं, "मला काय म्हाईत? चाखून बघा की!"

विमल भूमला शिक्षिका झाली. मला परांड्याच्या शाळेत बदली मिळाली. निघताना सामान बांधायला नरसिंगराव आले आणि अकरा वर्षांत जमलेला माझा संसार त्यांनी एका बैलगाडीत असा रचला की वर मला बसायला जागा राहिली. खोलीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. नंतर कळलं, दुसरी एक शिक्षिका तिथं राहायला आली.

परांड्याला गेल्यावर पत्रव्यवहार राहिला नाही. त्यांचं अक्षर पत्राला तयार नव्हतं आणि माझं मन. चार-पाच वर्षांनी एका रविवारी शाळेतल्या मुलींची सहल घेऊन मी सोनारीला गेले होते. कालभैरवाचं दर्शन झालं, मुली वानरांना फुटाणे टाकत होत्या. मी सावली शोधत देवळाच्या मागच्या बाजूला गेले. तिथं मोठं झाड होतं. भाविकांची बरीच बिऱ्हाडं त्याखाली विसावली होती, कुणी शिदोऱ्या सोडत होतं, कुणी पोरं निजवत होतं. सावलीच्या मधोमध अंबूवहिनी हातात काठी घेऊन बसल्या होत्या, वानरं जवळ येऊ नयेत म्हणून. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

शेजारी नरसिंगराव झोपले होते. उताणे, दोन्ही हात दोन बाजूंना पसरलेले, पाय फाकलेले, टोपी एकीकडं, तोंड किंचित उघडं. तीन माणसांची जागा त्यांनी व्यापली होती. अकरा वर्षं शेजारी राहून मी त्यांना आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं क्षणभर मला ते त्यांच्याहून कुणी मोठं माणूस वाटले.

"दर्शन झालं, जेवण झालं, म्हणाले जरा टेकतो," अंबूवहिनी कुजबुजल्या. "दोन तास झाले. उठवू का?"

"नको," मी म्हणाले.

आम्ही हळू आवाजात बोललो. पेन्शन झाली होती. दत्तू सोलापूरला, बबन कचेरीत, धाकटी शाळेत. रखमाचं लग्न झालं, सखूबाई जावयाकडं गेल्या होत्या. मग मुलींची हाक आली आणि मी उठले.

वळणावर मागं बघितलं. सात-आठ जणांचं एक कुटुंब ऊन चुकवत त्या झाडाखाली येत होतं. त्यातली म्हातारी काही बोलली, जागा मागत असावी. अंबूवहिनींनी नवऱ्याचा पसरलेला हात उचलला, त्याच्या अंगाजवळ घ्यायला. उचलून तसाच क्षणभर धरला. मग तो होता तिथं परत ठेवला आणि काठीनं पलीकडची सावली दाखवली.

"तिकडं बसा, माय," त्या म्हणाल्या, मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. "इथं माणूस झोपलंय."